कारणाचा रकाना : भंडारा, नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ आणि गांजा

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांताच्या नागपूर विभागात मोडत असे, आणि भंडारा, तिरोडा व साकोली या त्याच्या तीन तहसिलींत, म्हणजे आजचा गोंदिया जिल्हाही धरून, जो कोणी वेडाच्या भरात भटकताना आढळे त्याच्यासाठी सर्वांत जवळचे सरकारी ठिकाण म्हणजे भंडाऱ्यापासून सुमारे 60 किलोमीटरवर असलेले, 1864 मध्ये सुरू झालेले नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ होते. 1858 च्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, डॉक्टरच्या दाखल्यावरून मॅजिस्ट्रेटने त्याला इस्पितळात पाठवायचा हुकूम द्यायचा, आणि त्याच्याबरोबर एक वर्णनपत्रक जोडायचे, अशी पद्धत होती. या पत्रकात नाव, वय, जात, धंदा यांच्या जोडीला वेडाच्या कारणाचाही एक रकाना असे. गांजा ओढल्याने माणसाला भास होतात का, त्याची बुद्धी कायमची बिघडते का, आणि आजच्या काळात विचारायचे तर गांजा ओढून गाडी चालवणे धोक्याचे आहे का, या प्रश्नांचा हिंदुस्थानातील इतिहास या रकान्यापासून सुरू करणे भाग आहे.

हा रकाना कसा भरला जाई ते नीट पाहण्यासारखे आहे. भटकणाऱ्या वेड्याची पहिली गाठ पडे ती पोलिस शिपायाशी. शिपायाला त्याचे गाव ठाऊक नसे, नातलग सापडत नसत, आणि तो स्वतः धड उत्तर देण्याच्या स्थितीत नसे. रकाना रिकामा ठेवला किंवा कारण अज्ञात असे लिहिले तर वरून विचारणा होण्याची धास्ती असे, आणि झोळीत चिलीम निघाली किंवा अंगावर भगवी छाटी असली तर गांजा हे उत्तर हाताशीच असे. मॅजिस्ट्रेट तीच नोंद कायम करी, इस्पितळाचा सुपरिंटेंडेंट ती वहीत उतरवून घेई, वर्षअखेर अशा नोंदींची बेरीज प्रांताच्या अहवालात छापली जाई, आणि तो अहवाल वाचलेला डॉक्टर पुढच्या रोग्याकडे त्याच आकड्याच्या आधाराने पाही. एका शिपायाचा तर्क अशा रीतीने चार मेजांवरून फिरून शास्त्राचा सिद्धांत ठरे. जेम्स मिल्स या इतिहासकाराने 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही प्रक्रिया तपशीलवार उलगडली आहे. या प्रक्रियेतली सर्वांत दुःखद बाब अशी की त्या एका शब्दाखाली माणसाचा सगळा पूर्ववृत्तान्त गाडला जाई. मेंदूत चढलेला हिवताप, अपस्मार, घरातला मृत्यू, उपासमार यांपैकी कशाने त्याची ही अवस्था झाली असावी, याची चौकशी गांजा हा शब्द लिहिला गेला की तिथेच थांबे.

गांजा, भांग आणि चरस हे एकाच झाडाचे तीन प्रकार आहेत. झाडाची पाने वाटून पितात ती भांग, मादी झाडाचे राळेने चिकट झालेले फुलोरे म्हणजे गांजा, आणि नुसती राळ म्हणजे चरस. नर झाडाचा पराग मिळाला की मादी झाड बी धरते आणि राळ कमी होते, म्हणून शेतातली नर झाडे वेळीच ओळखून उपटणे हेच गांजाच्या शेतीतले मुख्य कसब होते. मध्य प्रांतात या शेतीची परवानगी निमाड जिल्ह्यात खंडव्याच्या परिसरापुरतीच होती. तिथला माल सरकारी देखरेखीखालच्या कोठारात जमा होई, त्यावर कर बसे, आणि परवानाधारक दुकानदारांमार्फत तो प्रांताच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत विकला जाई. पूर्वेकडून, ओरिसाच्या गडजात संस्थानांतून, बिनकराचा गांजा छत्तीसगडात चोरून उतरे आणि अबकारी खात्याला त्याचा बंदोबस्त कधीच नीट साधला नाही.

दुकानातून आणलेला गांजा पाण्याने ओलावून तळहातावर अंगठ्याने मळायचा, बिया व काड्या वेचून टाकायच्या, थोडी तंबाखू मिसळायची, चिलमीत खडा बसवून त्यावर हे मिश्रण भरायचे, वर विस्तव ठेवायचा, आणि खालच्या तोंडाला ओली साफी, म्हणजे कापडाची चिंधी, गुंडाळून दोन्ही हातांच्या ओंजळीतून झुरका घ्यायचा, अशी ओढण्याची रीत होती. चिलीम मंडळीत हातोहात फिरत असल्यामुळे एकेकाच्या वाट्याला थोडेच झुरके येत. गोसावी, बैरागी आणि फकीर हे तर सवयीचे गांजेकस होतेच, पण दिवसभर पाण्यात उभे राहणारे मासेमार, ओझी व पालख्या वाहणारे भोई आणि मजूर हेही थकवा घालवण्यासाठी व थंडी मारण्यासाठी तो ओढत. ज्या जिल्ह्यात वैनगंगा आणि गावोगावचे तलाव यांवर ढीवरांचा चरितार्थ चाले, महाशिवरात्रीला तुमसरजवळच्या गायमुखाला यात्रा भरे आणि विदर्भातले भाविक पचमढीच्या महादेवाची वाट धरत, त्या जिल्ह्यात गांजाकडे निव्वळ व्यसन म्हणून पाहिले जाणे अवघड होते. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर लिहिलेल्या 1916 च्या ग्रंथात गांजा-भांगेच्या या दैवी प्रतिष्ठेची स्वतंत्र चर्चा केली आहे.

गांजाने वेड लागते का, याची चौकशी सरकारने 1871 मध्ये प्रांतांकडून एकदा करवून घेतली होती, पण 1873 च्या ठरावात कोणताही ठाम निष्कर्ष निघाला नाही. 1893 च्या मार्च महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विल्यम केन या दारूबंदीवादी सभासदाने हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला, आणि त्याच वर्षी डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सभासदांचा भांग-गांजा आयोग नेमला गेला. मध्य प्रांतातून ए. एच. एल. फ्रेझर हे त्यावर होते; भंडाऱ्याला पूर्वेकडून लागून असलेल्या छत्तीसगड विभागाचे ते कमिशनर होते. आयोगाने सत्तर प्रश्नांची प्रश्नावली देशभर पाठवली, 1193 साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि 1894 मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. साक्षीदारांत कलेक्टर, वैद्य, मिशनरी, जमीनदार आणि साधू असे सर्व थरांचे लोक होते, आणि मुंबईचे जे. एम. कँबेल यांनी तर गांजा-भांगेच्या धार्मिक महत्त्वावर एक स्वतंत्र टिपणच आयोगाला दिले.

आयोगाचे सर्वांत मोलाचे काम मात्र साक्षी गोळा करण्यापेक्षा वेगळेच होते. 1892 या एका वर्षात ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या 1344 रोग्यांपैकी 222 जणांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस हे कारण लिहिलेले होते. आयोगाने या प्रत्येक नोंदीच्या मागे जायचे ठरवले. रोगी ज्या जिल्ह्यातून आला तिथे नातेवाईक व शेजारी यांच्याकडे चौकशी करवली, तो खरोखर गांजा ओढत असे का, वेड आधीचे की व्यसन आधीचे, घराण्यात वेड होते का, हे विचारले, आणि या तपासणीनंतर 98 च नोंदी उरल्या. त्यांतल्याही 37 जणांच्या बाबतीत गांजाबरोबर दुसरे कारण होते आणि 61 जणांच्याच बाबतीत गांजाकडे सरळ बोट दाखवता येत होते. एका वर्षाच्या एका नोंदवहीवर एवढा धीराने केलेला तपास त्या काळच्या राज्यकारभारात विरळाच म्हणावा लागेल. इस्पितळांची आकडेवारी विश्वासार्ह नाही, बेताच्या सेवनाने मनावर फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने मात्र वेड लागू शकते आणि ज्याची प्रकृती मुळात दुबळी किंवा ज्याच्या घराण्यात वेड आहे त्याला अधिक धोका असतो, असे आयोगाचे मत पडले. संपूर्ण बंदीऐवजी कर आणि परवाने यांनी वापर आवरावा, अशी त्याने शिफारस केली. तरीही जुना समज मेला नाही. 1930 मध्ये राँचीच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख जे. ई. धनजीभॉय यांनी भांग-गांजाने होणाऱ्या वेडाचे वर्णन हिंदुस्थानचा एक खास रोग म्हणूनच केले.

भासांच्या प्रश्नात आणखी एक गुंता होता, आणि तो धोतऱ्याचा. भास म्हणजे बाहेर काहीही नसताना दिसणे किंवा ऐकू येणे. बेलाबरोबर महादेवाला वाहिला जाणारा धोतरा गावाच्या उकिरड्यावर आपोआप उगवतो. त्याच्या बियांत ॲट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही विषारी द्रव्ये असतात, आणि नशा वाढावी म्हणून त्या बिया गांजात किंवा भांगेत मिसळण्याची चाल आयोगापुढे अनेकांनी सांगितली होती. धोतरा अंगात भिनलेल्या माणसाच्या घशाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, अंग तापते, तो नसलेल्या माणसांशी बोलतो, हवेतले दोरे वेचतो, आणि हे सगळे त्याला खरे वाटते. नुसत्या गांजाच्या साधारण मात्रेने असे सहसा होत नाही. डोळे लाल होतात, भूक लागते, वेळ लांबल्यासारखी वाटते, समोरची वस्तू किंवा आवाज वेगळा भासतो, परंतु ओढणाऱ्याला ही तार आहे याची बहुधा जाणीव असते. धोतऱ्याने बरळणारा माणूस नागपूरला पोहोचून गांजाच्या खात्यावर मांडला जाणे, ही चूक त्या पद्धतीत अटळच होती, कारण पत्रकात दोन्हींमधला फरक विचारलेलाच नव्हता.

यावरून गांजाने भास होतच नाहीत असा अर्थ काढणे मात्र तितकेच चुकीचे ठरेल. 1964 मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातील मुख्य मादक द्रव्य, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळे केले, आणि त्यानंतर मात्रा मोजून अभ्यास करणे शक्य झाले. 2004 मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी माणसांना टीएचसी शिरेतून दिले तेव्हा त्यांच्यात संशय, विस्कळीत विचार आणि जाणिवेचे विकार काही काळ दिसून आले व नंतर मावळले. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या सैनिकभरतीच्या पाहणीत, 45,000 हून अधिक तरुणांपैकी ज्यांनी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा घेतला होता त्यांना पुढे स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम यांनी ग्रासणारा दीर्घ मनोविकार, होण्याचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. अर्थात त्यातला काही भाग त्यांच्या आधीच्या मानसिक त्रासाचा होता. 2019 च्या युरोपीय अभ्यासात तीव्र गांजा रोज घेणाऱ्यांचा धोका न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट निघाला. मात्रा, तीव्रता, वय आणि घराण्याचा वारसा या चार गोष्टींवर सगळे अवलंबून असते. आयोगाने मापनाची साधने हाताशी नसताना जे ओळखले होते, ते मुख्यतः टिकून राहिले आहे.

आयोगाच्या सत्तर प्रश्नांत वाहन चालवण्याचा प्रश्न नव्हता, आणि तो असण्याचे कारणही नव्हते. नागपूरहून भंडारा, साकोली करीत रायपूरला जाणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रोडवर तेव्हा बैलगाड्या चालत. गाडीवान तारेत असला किंवा झोपला तरी बैल ओळखीच्या वाटेने गाडी मुक्कामाला नेत. तोच मार्ग पुढे राष्ट्रीय महामार्ग 6 झाला, आज त्याला 53 हा क्रमांक आहे, आणि त्यावरून रात्रंदिवस मालट्रक धावतात. गाडीचा वेग वाढला तशी हातातल्या क्षणाची किंमत वाढली. गांजाने गाडी चालवण्यावर परिणाम होतो याविषयी आज शंका उरलेली नाही: गाडी आपल्या पट्ट्यात सरळ राहत नाही, प्रतिक्रिया मंदावते, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे जमत नाही. ओढणारा आपण मंदावलो आहोत हे ओळखून वेग कमी करतो असेही आढळते, पण अचानक ढोर किंवा माणूस आडवे आले की ही सावधगिरी कामी येत नाही, आणि थोडी दारू जोडीला असली तर धोका बेरजेने वाढतो. अपघाताचा धोका किती वाढतो यावर मतभेद आहेत. 2012 चा एक एकत्रित अभ्यास तो जवळपास दुप्पट मानतो, 2016 चा दुसरा त्याहून बराच कमी. भांगेची गोष्ट वेगळी आणि अधिक फसवी आहे. झुरक्याचा अंमल काही मिनिटांत चढतो आणि तीन-चार तासांत बराच उतरतो, तर प्यालेली भांग अर्ध्या ते दीड तासाने चढते आणि सहा-आठ तास राहते, त्यामुळे शिवरात्रीला किंवा होळीला काहीच झाले नाही असे समजून मोटारसायकलला किक मारणारा माणूस खरी नशा रस्त्यावरच अनुभवतो.

कायद्याने गांजा आणि भांग यांत 1985 पासून भेद केला आहे. अमली पदार्थविरोधी कायद्यात फुलोरे निषिद्ध आहेत, शेंड्यांशिवायची पाने व बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. रस्त्यावर हा भेद लागू पडत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 185 दारूसाठी 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही स्पष्ट मर्यादा घालते, मात्र अमली पदार्थासाठी वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असावा एवढेच सांगते, आकडा देत नाही. आकडा देणे सोपेही नाही, कारण टीएचसी चरबीत साठते, रक्तातले त्याचे प्रमाण आणि प्रत्यक्ष मंदपणा यांची चढउतार एकसारखी नसते, आणि नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत त्याच्या खुणा काही आठवड्यांनंतरही सापडतात. म्हणून साकोली किंवा लाखनीजवळ अपघात झालेल्या ट्रकचालकाची लघवी तपासून तो गांजा ओढतो एवढे कळते. तो त्या रात्री तारेत होता का, की त्याला सलग अठरा तासांच्या जागरणाने डुलकी लागली, हे कळत नाही. ते कळायला डॉक्टरने त्याला सरळ रेषेत चालवून, एका पायावर उभे करून, डोळे आणि बोलणे पाहून, शक्य असेल तर रक्तही घेऊन, अपघातानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत नोंद करावी लागते, आणि त्या नोंदीत झोप, दारू आणि इतर औषधे यांचीही विचारपूस यावी लागते.