सटवाई आणि शिकागो

झोपलेल्या मुलाचा पापा घेऊ नये, अशी आपल्याकडे सक्त ताकीद असते. त्याच्याकडे बघत बसायला मात्र कुणी बंदी केलेली नाही. ती केली असती तर शास्त्राचं मोठंच नुकसान झालं असतं.

लेक बाळंतपणाला आमच्याकडे कोपरखैरण्याला आली होती. नातू वीस दिवसांचा. रात्री दोनला तिची हाक आली, "बाबा, याला आकडी येतेय!" धावत गेलो. चिरंजीव गाढ झोपेत होते. पण मिटल्या पापण्यांखाली बुबुळं गरगरत होती, हात दचकत होता, मध्येच ओठ काढून रडवेला चेहरा, तर मध्येच पुढाऱ्यासारखं हसू. मी एका पायात चप्पल घालून दुसरी शोधू लागलो. ही मात्र शांत. म्हणाली, "काही नाही हो, सटवाई खेळवतेय त्याला."

सकाळी डॉक्टरांनी एकच विचारलं, "जागं केल्यावर थांबतं?" थांबत होतं. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाले, "मग झोपू द्या. त्यालाही आणि स्वतःलाही." रात्रभर जागलेली लेक तिथेच रडली. मी मात्र घरी येऊन पुस्तकं उघडली.

१९५१ सालची गोष्ट. शिकागो विद्यापीठात नॅथॅनिएल क्लाइटमन हे प्राध्यापक झोपेवर संशोधन करीत. (झोपेत करणारे वेगळे.) दिवस चोवीसऐवजी अठ्ठावीस तासांचा करता येतो का, हे पाहायला १९३८ साली हे गृहस्थ केंटकीतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले होते. युजीन अॅसेरिन्स्की हा त्यांचा विद्यार्थी. पदरी बायको-मूल, खिशात खडखडाट. त्याला काम मिळालं ते झोपलेल्या तान्ह्या बाळांच्या पापण्या बघत बसायचं! आमच्याकडे हे काम आजीला बिनपगारी असतं. बघता बघता त्याच्या लक्षात आलं की पापण्यांखालची हालचाल थांबते, पुन्हा सुरू होते. सुमारे तासाभराचं चक्रच असतं ते.

मग त्याने एका जुनाट यंत्राच्या तारा आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या, डोक्याला नि डोळ्यांजवळ लावल्या. पोरगं झोपलेलं, आणि यंत्राच्या लेखण्या कागदावर थयथय नाचताहेत! आधी वाटलं, यंत्रच बिघडलं. यंत्र ठीक होतं. बिघडली होती ती समजूत. झोप म्हणजे मेंदूचं दुकान बंद, असं जग मानत होतं. प्रत्यक्षात फळ्या लावून आत हिशेब चालू होता. १९५३ साली दोघांनी हे प्रसिद्ध केलं. १९६६ साली रॉफवर्ग, म्युझिओ आणि डिमेंट यांनी दाखवलं की मोठ्या माणसाची पाव-एक झोप अशी असते, तर नवजात बाळाची जवळजवळ निम्मी. त्यांचा अंदाज असा की बाळाच्या मेंदूची बांधणी या झोपेत चालत असावी. म्हणजे आमचा नातू रात्री झोपत नव्हता, कामावर जात होता.

पुढे तो चार महिन्यांचा झाला आणि लेकीने नवी काळजी काढली. परदेशी तक्त्याप्रमाणे तो अजून पालथा पडायला हवा तसा पडत नव्हता. तेव्हा मी बडोद्याकडे बोट दाखवलं. तिथल्या सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी कॅलिफोर्नियाच्या नॅन्सी बेली यांची मोजपट्टी घेतली, पण लावली बडोद्याच्या बाळांना, आणि १९७० साली आपल्या मुलांची वाढ मोजायची आपली पट्टी दिली. १९९७ साली ती सुधारली गेली. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तीत हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ खुणा आहेत. प्रत्येक खुणेला वयाची ऐसपैस मुभा. लोकलसारखं वेळापत्रक नाही; आणि लोकल तरी कुठे पाळते?

नातू त्याच आठवड्यात पालथा पडला. आम्ही कुणी बघत नव्हतो तेव्हा.

पाचवीला हिने पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली होती, सटवाईला नशीब लिहायला. मी तेव्हा हसलो होतो. पण शिकागोत तरी दुसरं काय होतं? झोपलेलं मूल, कोरा कागद, लेखणी, आणि रात्रभर जागणारं एक माणूस.

काल रात्री नातू झोपेत पुन्हा हसला. काय लिहिलं जातंय ते मला वाचता आलं नाही. लेखणी चालू होती, एवढं दिसलं.