बारावीनंतर फर्निचर डिझाइन शिकायचंय? वाढवण-डहाणूच्या विद्यार्थ्यांनी हे आधी समजून घ्या

वाढवण हे नाव इंटरनेटवर शोधलं की पहिल्यांदा बंदराच्याच बातम्या येतात. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरमध्ये भूमिपूजन झालं. मच्छीमार, बागायतदार आणि डायमेकर यांचा विरोध त्याआधीपासून आहे.

या सगळ्यात डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या घराघरांत एक प्रश्न चर्चेत असतो: मुलांनी आता शिकायचं काय? उत्तरं साधारण ठरलेली असतात. आयटीआय, नर्सिंग, डी.एड., पोलीस भरती, नाहीतर तारापूर एमआयडीसीत नोकरी. कुणी लॉजिस्टिक्सचा कोर्स सुचवतं.

या यादीत फर्निचर डिझाइन सहसा नसतं. आणि ज्याला ते माहीत असतं, त्याला बऱ्याचदा उशिरा कळतं. कारण या शिक्षणाच्या मुख्य परीक्षांचे फॉर्म बारावीच्या निकालानंतर भरायचे नसतात. ते बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू होण्याआधीच भरून संपलेले असतात.

म्हणून हा विषय नेमका काय आहे, कुठे शिकता येतो, खर्चाचं काय आणि तारखा कशा चुकवायच्या नाहीत, हे एकेक करून पाहू.

फर्निचर डिझाइन म्हणजे सुतारकाम की इंटिरियर?

दोन्ही नाही, पण दोघांशी जवळचं नातं आहे.

सुतार वस्तू बनवतो. इंटिरियर डिझायनर खोली कशी वापरली जाईल, काय कुठे असेल हे ठरवतो. फर्निचर डिझायनर वस्तू कशी असावी हे ठरवतो: तिची मापं, साहित्य, सांधे, वजन, किंमत, आणि तशाच हजार वस्तू बनवायच्या झाल्या तर कशा बनतील.

एक साधं उदाहरण घ्या. बाजारात प्लायवूडची शीट ८ बाय ४ फुटांची मिळते. म्हणजे रुंदी साधारण १,२२० मिलिमीटर. कपाटाची खोली ४५० मिलिमीटर ठेवली, तर या रुंदीत दोनच पट्ट्या निघतात आणि ३०० मिलिमीटरहून थोडी जास्त पट्टी उरते. खोली ४०० मिलिमीटर केली, तर करवतीच्या पात्यात जाणारे काही मिलिमीटर धरूनही तीन पट्ट्या निघतात. पन्नास मिलिमीटरच्या फरकाने शीटमागे एक पट्टी वाढते. पण ४०० मिलिमीटर खोलीच्या कपाटात हँगरला लावलेला शर्ट आडवा मावत नाही. मग कपडे घडी घालून ठेवायचे, की हँगरचा दांडा समोरून मागे लावायचा, की थोडं प्लाय वाया जाऊ द्यायचं? हा निर्णय घेणं म्हणजे डिझाइन.

कॉलेजात चार वर्षं काय शिकवतात?

डिझाइनची पदवी म्हणजे बी.डेस. ती साधारण चार वर्षांची असते. पहिल्या वर्षी सगळ्यांना पायाभूत शिक्षण मिळतं: चित्र, रंग, आकार, भूमिती, साहित्याची ओळख. त्यानंतर शाखा. फर्निचरच्या शाखेत साधारण हे विषय येतात:

• शरीराची मापं: खुर्चीची उंची बसणाऱ्याच्या गुडघ्यामागच्या भागाच्या उंचीवरून ठरते. परदेशी मापं भारतीय शरीराला नेहमी बसत नाहीत. म्हणून एनआयडीने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीयांच्या शरीरमापांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. ते आजही डिझाइनच्या वर्गांत वापरलं जातं.

• साहित्य: साग, प्लायवूड, एमडीएफ, बांबू, वेत, लोखंडी पाइप, प्लास्टिक. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. लाकूड ओल लागली की आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ वाढत नाही. किनाऱ्यावरच्या घरात पावसाळ्यात ड्रॉवर अडकतो तो यामुळेच.

• सांधे आणि वर्कशॉप: रंधा, पटाशी, करवत आणि मशीन हातात घेऊन काम. कागदावर सुंदर दिसणारी खुर्ची बसल्यावर डुगडुगते, हे इथेच कळतं.

• ड्रॉइंग आणि कॉम्प्युटर: कारखान्याला समजेल असं मापांसह ड्रॉइंग आणि थ्रीडी मॉडेल.

• मानकं आणि चाचण्या: भारतीय मानक ब्युरोची खुर्च्या, टेबलं, कपाटं, पलंग यांच्यासाठी वेगवेगळी मानकं आहेत. प्लायवूडचंही तसंच. साध्या वापराच्या प्लायला आयएस ३०३ आणि मरीन प्लायला आयएस ७१० हे मानक आहे.

डहाणू-तलासरीचा याच्याशी काय संबंध?

वाढवण, वरोर, चिंचणी या पट्ट्यात दागिन्यांचे डाय, म्हणजे धातूचे साचे बनवण्याचा घरगुती व्यवसाय आहे. डायमेकर स्टीलमध्ये उलटी आकृती कोरतो, कारण दागिना सुलटा उमटायला हवा. मिलिमीटरपेक्षा कमी फरकही त्याला चालत नाही. कारखान्यात एकसारख्या हजार वस्तू काढण्याचं मूळ तत्त्व हेच: साचा अचूक असेल तर वस्तू अचूक.

किनाऱ्यावरच्या गावांत लाकडी होड्यांची दुरुस्ती करणाऱ्यांना खारं पाणी लाकडाचं आणि खिळ्यांचं काय करतं हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. तलासरीच्या बाजूला आदिवासी पाड्यांमध्ये बांबूच्या टोपल्या, सुपं, कूड विणणारे हात आहेत. उत्तरेला जवळच डांगचं सागवानी जंगल आहे. तिथलं लाकूड वाहून आणण्यासाठी बडोद्याच्या गायकवाडांनी १९१३ च्या सुमारास बिलिमोरा-वघई ही छोटी रेल्वे सुरू केली होती.

म्हणजे कौशल्य या भागात आहे. ते ड्रॉइंगमध्ये मांडणं, त्याची किंमत लावणं आणि त्यावर आपलं नाव टाकणं, हे शिकवणारं शिक्षण मात्र जवळ नाही.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. टेबलावर वारली चित्र छापलं म्हणजे फर्निचर डिझाइन होत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ती स्वतंत्र कला आहे. पण पाड्यावरचं घर, तिथली बसण्याची पद्धत, कमी उंचीची बैठक, बांबूचा ताण यांचा अभ्यास करून नवीन बैठक तयार केली, तर ते डिझाइन झालं.

शिकायचं कुठे?

एनआयडी, अहमदाबाद: सरकारी संस्थांमध्ये या विषयासाठी पहिलं नाव हेच. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालानंतर १९६१ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन सुरू झाली. लाकूडकामासाठी जगभर नावाजलेले जॉर्ज नाकाशिमा १९६४ मध्ये इथे येऊन काम करून गेले. इथे 'फर्निचर अँड इंटिरियर डिझाइन' ही शाखा पदवी आणि पदव्युत्तर अशा दोन्ही स्तरांवर आहे. भोपाळ, कुरुक्षेत्र, जोरहाट आणि आंध्र प्रदेशातही एनआयडी आहेत, पण तिथे पदवीला इंडस्ट्रियल डिझाइनसारख्या व्यापक शाखा आहेत.

आयडीसी, आयआयटी मुंबई: १९६९ मध्ये सुरू झालेली ही संस्था पवईत आहे. बी.डेस. २०१५ पासून आहे. फर्निचर अशी वेगळी शाखा नाही, पण प्रॉडक्ट डिझाइनमधून या क्षेत्रात येता येतं.

राज्यातली इतर कॉलेजं: महाराष्ट्रात बी.डिझाइन प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाने २०२४ पासून वेगळी सीईटी सुरू केली. अनेक खासगी विद्यापीठांत इंटिरियर आणि प्रॉडक्ट डिझाइनच्या पदव्या आहेत.

डहाणू रोड स्टेशन पश्चिम रेल्वेच्या मुंबई-अहमदाबाद मार्गावरच आहे. चर्चगेट सुमारे सव्वाशे किलोमीटर, अहमदाबाद त्याच्या साधारण तिप्पट.

फॉर्म कधी भरायचा?

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

• एनआयडीची डीएटी: गेल्या काही वर्षांत प्राथमिक परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या आसपास होत आली आहे. फॉर्म त्याआधी भरायचा असतो. त्यानंतर मुख्य परीक्षा, त्यात हाताने मॉडेल बनवण्यासारखी कामं असतात.

• आयआयटीची यूसीड: ही जानेवारीत होते, फॉर्म साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. एकूण ३०० गुण. कॉम्प्युटरवरचा भाग २०० गुणांचा, चित्र काढण्याचा भाग १०० गुणांचा. पेपर इंग्रजीत असतो. सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते.

दोन्हींना आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कोणत्याही शाखेचे विद्यार्थी बसू शकतात. दोन्हींना वयाची अट आहे, त्यामुळे बारावीनंतर दोन-तीन वर्षं थांबणं महागात पडू शकतं. नेमक्या तारखा दरवर्षी अधिकृत वेबसाइटवरच पाहा.

दाखल्यांची गडबड टाळा

एनआयडी आणि आयआयटीत केंद्राचं आरक्षण लागू असतं: एसटी ७.५ टक्के, एससी १५ टक्के, ओबीसी २७ टक्के, ईडब्ल्यूएस १० टक्के. दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्यातला विशेष मागास प्रवर्ग किंवा भटक्या जमातींचा प्रवर्ग केंद्रात त्या नावाने नाही. आपली जात केंद्राच्या कोणत्या यादीत आहे ते अकरावीतच तपासा. तहसील कार्यालयातून दाखला मिळायला वेळ लागतो आणि फॉर्मची तारीख कुणासाठी थांबत नाही.

खर्चाचं काय?

चार वर्षांची फी, हॉस्टेल, लॅपटॉप आणि साहित्य धरलं तर खर्च सरकारी संस्थेतही काही लाखांच्या घरात जातो. हे ऐकूनच अनेक घरांत विषय संपतो. पण त्याआधी हे पर्याय पाहा:

• पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती: एसटी, एससी विद्यार्थ्यांसाठी, उत्पन्नाच्या अटीसह. महाराष्ट्राबाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेत शिकत असलात तरी अर्ज आपल्याच राज्याकडे करायचा असतो.

• केंद्रीय आदिवासी मंत्रालयाची उच्च शिक्षण शिष्यवृत्ती: ठरावीक संस्थांसाठी. आपली संस्था यादीत आहे का ते पाहा.

• पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना: शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी मदत. ती आपल्या कॉलेजला लागू आहे का, हे डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारा.

• पीएम विद्यालक्ष्मी: नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली योजना. यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्ज मिळू शकतं.

खासगी कॉलेजला पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारा

१. ही पदवी आहे की फक्त सर्टिफिकेट? पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तो अधिकार दिलेल्या संस्थांनाच असतो.
२. लाकूड आणि धातूचं वर्कशॉप आहे का? विद्यार्थ्यांना ते किती तास मिळतं?
३. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष आकारात बनवलेलं फर्निचर दाखवाल का?
४. फीमध्ये साहित्याचा खर्च धरलाय का?
५. नोकरी लागलेल्यांचे पगार नव्हे, पद काय होतं? डिझायनर की शोरूममधला सेल्समन?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर तिथे फर्निचर डिझाइन कॉम्प्युटरच्या पडद्यावरच संपतं असं समजा.

शिकून काम काय मिळतं?

फर्निचर कंपन्यांचे डिझाइन विभाग, मॉड्युलर किचन, ऑफिस आणि दुकानांचं फर्निचर, हॉस्पिटल आणि शाळांचं फर्निचर, ऑनलाइन ब्रँड. गोदरेज मुंबईची. नीलकमलचा कारखाना तलासरीपासून फार दूर नसलेल्या सिल्वासा भागात आहे. सुरुवातीला बहुतेकांना दुसऱ्याच्या डिझाइनची ड्रॉइंग दुरुस्त करण्याचंच काम असतं. स्वतःचा स्टुडिओ लगेच उभा राहत नाही.

पदवी शक्य नसेल तर?

रस्ता बंद होत नाही. आयटीआयमध्ये लाकूडकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्याला आठवी पास पुरतं. बांबूत रस असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्ली इथे राज्य सरकारचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. सिंधुदुर्गात कुडाळची कोनबॅक ही संस्था बांबूचं फर्निचर आणि बांधकाम करते. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडणं आणि नेणं बरंच सोपं झालं.

आणि इतर कोणत्याही विषयात पदवी झाली तरी एनआयडीची एम.डेस.ची परीक्षा किंवा आयआयटीची सीड देऊन या क्षेत्रात येता येतं.

आत्ता अकरावीत असाल तर

रोज एक वस्तू बघून तिचं चित्र काढा, मापांसकट. घरातली खुर्ची, देवघर, होडीचं वल्हं, मच्छीची टोपली. गावातल्या सुताराकडे किंवा डायमेकरकडे सुट्टीत काही दिवस बसा आणि त्याला 'हे माप असंच का?' असं विचारा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढायला टाका. आणि सप्टेंबर लागला की दर आठवड्याला एनआयडी आणि यूसीडची वेबसाइट उघडून फॉर्म सुरू झालेत का ते बघा.