दोन तारा की चार?

शिक्षक मित्रहो, 1844 साली मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने निरोप धाडला, तो एकेक खूण एकामागून एक पाठवून. यंत्रांतल्या चिपा आजही बहुधा तशाच बोलतात. मोटोरोलाच्या ‘एसपीआय’ पद्धतीत साधारण चार तारा लागतात. शिवाय नवा सोबती आला, की त्याच्यासाठी निवडीची निराळी तार. टेलिव्हिजनमधली ही गर्दी फिलिप्सला नको होती. 1982 साली त्यांनी ‘आय-टू-सी’ काढली. तारा दोनच! तुम्ही वर्गात हजेरी घेता ना? तसा आधी पत्ता पुकारायचा. ज्याचा असेल तो ‘हजर’ म्हणतो. पण या पुकाऱ्यात वेळ जातो, वेग घटतो. आणि एकाने तार दाबून धरली, की सारा वर्ग मुका! एसपीआय धावते भरभर; मात्र पलीकडे कोणी ऐकले की नाही, ते तिला कळतच नाही.