चांदरचे घर

गोव्याला जाणारा माणूस समुद्र पाहून परततो. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मडगावहून चांदरला वाकडी वाट केली. कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर ती हीच. तिथे चर्चच्या चौकासमोर ब्रागांझा घराण्याचे प्रचंड घर आहे.

हे घर एका झपाट्यात बांधलेले नाही. मूळ भाग सोळाव्या शतकातला. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ते वाढत गेले. दर्शनी बाजूला वरच्या मजल्यावर ओळीने खिडक्या आहेत. गोव्यातल्या जुन्या घरांप्रमाणे इथेही काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने दिसतात. आत इटालियन संगमरवर, बेल्जियमची झुंबरे, चिनी मातीची भांडी. नंतर घराच्या दोन शाखा झाल्या. पूर्वेकडे ब्रागांझा परेरा, पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा. जिना मात्र एकच.

पश्चिमेच्या भागात लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचा ग्रंथसंग्रह आहे. पोर्तुगीज थाटाच्या या घरातल्या माणसाने १९३० साली गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला! १९५० मध्ये कुटुंब बंगळूरला गेले, ते मुक्तीनंतर परतले.

घर वाढले ते जमिनीच्या जोरावर. १९६४ मध्ये गोव्यात कूळकायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळे मालक ठरली. उत्पन्न गेले, घर तेवढेच राहिले. आता डागडुजीला पाहुण्यांच्या देणगीचा आधार लागतो.

पहिल्या भेटीत मी हळहळलो. परतताना गाडीत वडील आठवले. ते बुधगावकडे दुसऱ्याची दोन एकर जमीन कसायचे. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने ती आमची झाली. त्या जमिनीवरच मी बी.ए. झालो, मास्तर झालो. आमच्या मालकांचा वाडा पुढे पडला, त्याची तुळईसुद्धा उरली नाही. तेव्हा मी हळहळलो नव्हतो.

कायदा चुकला असे मी म्हणणार नाही. माझ्या तोंडी ते शोभणारही नाही. पण ज्या सुतार-गवंड्यांनी हे घर उभारले, त्यांचीही दुसरी खूण कुठे आहे? घर पडले तर तीही जाईल.

दुसऱ्या भेटीत देणगीच्या पेटीत थोडे जास्त पैसे टाकले. पुढच्या वेळी नातवाला नेणार आहे. त्याला झुंबरे दाखवीन, आणि ती कुणाच्या भाताच्या खंडावर आली तेही सांगेन.