तलवारीची भूमिती

तरुणपणी मी वर्षभर फॉइल हाती धरली होती. फॉइल म्हणजे सरावाची बारीक, लवचीक तलवार. आमचे प्रशिक्षक आधी अंतर मोजायला शिकवत आणि मग म्हणत, "आता मोजणं विसरा." मला ते कोडेच वाटे. पुढे वाचनात आले, की युरोपात हा झगडा फार जुना आहे.

१५५३ साली रोममध्ये कामिल्लो अग्रिप्पा यांचा ग्रंथ निघाला. हे गृहस्थ पेशाने उस्ताद नव्हेत, वास्तुविद्येचे जाणकार. त्यांनी तलवारीचे मुख्य पवित्रे चार ठरवले, त्यांना क्रमांक दिले आणि टोक खुपसणे फायद्याचे कसे, हे आकृत्या काढून पटवले. अँटवर्पचे जिरार तिबो याच्याही पुढे गेले. १६३० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भव्य ग्रंथातली चित्रे पाहून मला हसू आवरेना. प्रशस्त दालन, जमिनीवर माणसाच्या मापाचे वर्तुळ, त्यात आडव्यातिडव्या रेषा, आणि त्यांवर पावले ठेवत दोघे शांतपणे एकमेकांना भोसकताहेत! कुणाला घाम नाही, कुणाचा पाय घसरत नाही.

लंडनच्या जॉर्ज सिल्व्हर यांचा तर इटालियन उस्तादांवर रागच होता. त्यांची विद्या खऱ्या लढाईत माणसे मारवते, असे त्यांनी १५९९ साली लिहिले. आपण व्हिन्सेंतिओ सॅव्हिओलो यांना जाहीर आव्हान दिले, पण ते आलेच नाहीत, असेही ते सांगतात. (अर्थात, ही एका बाजूची साक्ष!) गंमत म्हणजे आधी हात हलावा, मग पाय, असे काटेकोर नियम सिल्व्हर यांनीही घातलेच.

विसाव्या शतकात विजेने मोजमाप सुरू केले. ऑलिंपिकमध्ये १९३६ साली एपे या प्रकारात आणि १९५६ साली फॉइलमध्ये विजेचे दिवे आले. फ्रान्सचे क्रिस्तियाँ दोरिओला यांनी १९५२ साली पंचांच्या नजरेपुढे आणि १९५६ साली दिव्यांपुढे, अशी दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. पण फॉइलमध्ये दोन्ही दिवे एकदम लागले, तर चढाई कुणाची होती, हे यंत्राला कळत नाही. ते आजही माणूसच ठरवतो.

आमच्याकडे दिवे नव्हते. टोक लागले की ज्याला लागले त्याने आपणहून "लागलं" म्हणायचे. एकदा मी म्हटले नाही. प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहिले आणि वहीत गुण माझ्याच नावावर मांडला.