विजेच्या प्रकाशातील वास्तू : रात्रीच्या छायाचित्राचे ऐतिहासिक मूल्य

प्रस्तावना :
जुन्या वास्तूंचा इतिहास लिहिताना शिलालेख, दानपत्रे, दुरुस्तीचे हिशेब, प्रवासवर्णने व नकाशे ही साधने प्रमाण मानली जातात. एकोणिसाव्या शतकात त्यांत छायाचित्राची भर पडली. तथापि वादळी रात्री विजेच्या प्रकाशात टिपलेल्या वास्तूच्या छायाचित्राकडे बहुधा एक नेत्रदीपक दृश्य म्हणूनच पाहिले जाते. अशा छायाचित्रास ऐतिहासिक साधनाचा दर्जा देता येईल काय आणि देता आल्यास कोणत्या अटींवर, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छायाचित्रापूर्वीच्या नोंदी :
उंच वास्तू आणि वीज यांचे नाते छायाचित्रणकलेहून पुष्कळ जुने आहे. व्हेनिस येथील सेंट मार्कच्या घंटाघरावर अनेकदा वीज पडली. १४८९ मध्ये त्याचे लाकडी शिखर जळाले, तर १७४५ मध्ये मनोऱ्याची पुन्हा मोठी हानी झाली. अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचविलेला तडितवाहक या मनोऱ्यावर १७७६ मध्ये बसविण्यात आला. या घटना लिखित नोंदींमुळे ज्ञात आहेत. परंतु अशा नोंदींतून हानी कळते, विजेचे रूप कळत नाही. ते रूप दाखविण्याचे काम चित्रकारांनी केले आणि बहुतेकांनी वीज तीक्ष्ण कोनांच्या वाकड्यातिकड्या रेषेने दर्शविली. ब्रिटिश अभियंते जेम्स नॅस्मिथ यांनी १८५६ मध्येच या रूढ रेखाटनावर आक्षेप घेतला होता. मात्र या वादाचा निर्णय करणारा पुरावा उपलब्ध नव्हता.

तंत्राची मर्यादा आणि सामर्थ्य :
हा पुरावा संवेदनक्षम शुष्क काचपट्ट्यांमुळे मिळाला. फिलाडेल्फिया येथील विल्यम जेनिंग्ज यांनी १८८२ मध्ये घेतलेले विजेचे छायाचित्र या क्षेत्रातील सर्वांत आरंभीच्या यशस्वी छायाचित्रांपैकी एक होय. अशा छायाचित्रांत कोनाकृती रेषेऐवजी नदीच्या उपनद्यांप्रमाणे फुटलेल्या शाखा दिसू लागल्या.

वीज केव्हा चमकेल हे छायाचित्रकारास ठाऊक नसते. म्हणून कॅमेरा स्थिर ठेवून शटर उघडे ठेवावे लागते आणि अंधारामुळे रात्री ते शक्य होते. काळोखातील वास्तू विजेच्याच प्रकाशात काचेवर उमटते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. असे छायाचित्र एका क्षणाचे नसून शटर उघडे असलेल्या संपूर्ण कालावधीचे असते. त्यात दिसणाऱ्या दोन विजा एकाच वेळी चमकल्या असतील असे नाही. हा कालावधी विचारात न घेता केलेले छायाचित्राचे वाचन दिशाभूल करणारे ठरते.

आयफेल मनोरा ते एम्पायर स्टेट इमारत :
३ जून १९०२ रोजी रात्री ९ वाजून २० मिनिटांनी पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर पडलेली वीज गाब्रिएल लोपे यांनी टिपली. शहरी परिसरातील विजेच्या आरंभीच्या छायाचित्रांत त्याची गणना होते. त्याचे मूल्य केवळ दृश्याच्या भव्यतेत नाही. तारीख, वेळ आणि स्थळ निश्चित असून मनोऱ्याची सुमारे ३०० मीटर ही उंचीही ज्ञात आहे. त्यामुळे वास्तू ही चित्राची पार्श्वभूमी न राहता मोजपट्टी बनते.

चार्ल्स बॉइज यांनी फिरत्या भिंगांचा कॅमेरा योजिला. त्याच्या साहाय्याने बेसिल शॉनलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत विजेच्या लखलखाटातील टप्पे वेगळे केले. डोळ्यांस एकच भासणारी वीज अनेकदा एकाच मार्गाने होणाऱ्या लागोपाठच्या आघातांची मालिका असते, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याच दशकात कार्ल मॅकेक्रन यांनी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचे निरीक्षण केले. अतिउंच इमारतीच्या टोकापासून वीज वरच्या दिशेनेही सुरू होते, असे त्यांना आढळले. मेघातून उतरणाऱ्या विजेच्या शाखा सामान्यतः खाली, तर इमारतीपासून निघालेल्या विजेच्या शाखा वर पसरतात. या ज्ञानामुळे जुन्या छायाचित्रांचे नव्याने वाचन करणे शक्य झाले.

अर्थ लावण्यातील धोके :
११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पदत्यागाची घोषणा केली आणि त्याच दिवशी सायंकाळी सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या घुमटावर वीज पडली. त्या छायाचित्रात काहींना दैवी संकेत दिसला, तर काहींनी त्याच्या सत्यतेविषयीच शंका घेतली. त्याच वास्तूवर पडलेल्या विजेचे चलचित्रण उपलब्ध असल्याने घटनेला स्वतंत्र दुजोरा मिळाला. छायाचित्राने घटना सिद्ध होते, तिचा हेतू सिद्ध होत नाही, हा भेद येथे ध्यानी घ्यावा लागतो.

दुसरा धोका जीविताचा आहे. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरच्या आमेर किल्ल्याजवळील टेहळणी बुरुजावर वीज पडून किमान ११ जणांचा मृत्यू झाला. पावसात तेथे जमलेल्यांपैकी काही जण मोबाइलवर स्वतःची छायाचित्रे घेत होते, असे वृत्त प्रसिद्ध झाले. ज्या उंचीमुळे बुरूज टेहळणीस योग्य ठरला, तीच उंची विजेला आमंत्रण देते. मॅकेक्रन यांचे कॅमेरे निरीक्षणाच्या इमारतीत नव्हते, ते काही अंतरावरील दुसऱ्या इमारतीत होते. वास्तूचे विजेसह छायाचित्र घेणारा त्या वास्तूवर उभा नसावा, हा धडा शास्त्रीय निरीक्षणाइतकाच सुरक्षिततेचाही आहे.

निष्कर्ष :
वादळी रात्रीचे वास्तुचित्र हे ऐतिहासिक साधन ठरू शकते. त्यासाठी तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे स्थान, शटर उघडे असल्याचा कालावधी आणि वास्तूची उंची यांची नोंद त्यासोबत असणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील किल्ले, मंदिरे व मनोरे यांची पावसाळ्यातील छायाचित्रे आज मोठ्या संख्येने घेतली जातात. महाविद्यालयांच्या इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी ती या नोंदींसह संकलित केल्यास कोणत्या वास्तूस तडितवाहकाची निकड आहे, हे ठरविण्यासही त्यांचा उपयोग होईल. नोंदीवाचून मात्र ती केवळ देखणी चित्रेच राहतील.