मोटेपासून मोटारीपर्यंत : चामड्याचं तेलपाणी

मंडळी, झरीत तत्त्वज्ञानाचा माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना वाटतं, आता आत्मा आणि परमात्मा सुरू होणार. आज तसं काही नाही. आज आम्ही मोटारीच्या सीटबद्दल बोलणार आहोत. त्याला कारणही आमचीच एक फजिती आहे.

पुतण्याने नवी गाडी घेतली. आत चामड्याच्या सीट. उन्हाळ्यात गाडी अंगणात उभी असायची आणि आम्हाला त्या सीटची काळजी लागली. लहानपणी पाहिलेलं डोक्यात पक्कं बसलेलं : चामडं म्हटलं की तेल. मग एका दुपारी खोबरेल तेलाची वाटी आणि जुन्या धोतराचा तुकडा घेऊन दोन्ही पुढच्या सीट आम्ही मनोभावे चोळल्या. संध्याकाळी पुतण्या परभणीला निघाला, पांढरी पँट घालून. पुढचं सांगत नाही. आठ दिवसांत त्या सीटवर झरीच्या रस्त्यावरची सगळी धूळ चिकटली.

तेव्हा प्रश्न पडला, की जी गोष्ट आमच्या वाडवडिलांच्या काळी बरोबर होती ती चुकली कशी? त्याच्या मागे गेलो तर दोन इतिहास हाती लागले. एक चामड्याचा, दुसरा माणसांचा. ते वेगळे सांगता येत नाहीत.

आधी मोट. समोर बसलेल्या तरुणांनी ती पाहिलेली नसणार. वर्तमानपत्रात ‘विरोधकांची मोट बांधली’ असं वाचता ना, ती मोट म्हणजे गाठोडं. आमची मोट विहिरीवरची. कमावलेल्या कातड्याची मोठी पिशवी, खाली निमुळती होत गेलेली सोंड. तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक दोर, त्याला सोंदूर म्हणायचे. बैलजोडी धावेवरून उतरली की मोट भरून वर यायची, सोंड थारोळ्यात मोकळी व्हायची, आणि पाणी पाटाने निघायचं. बैल उलट पावली मागे, मोट पुन्हा खाली. दिवसभर हेच. म्हणजे ते चामडं दिवसभर भिजायचं, बाहेर मराठवाड्याचं ऊन खायचं, विहिरीच्या कडेला घासायचं आणि रात्री वाळायचं. चामड्याचे याहून जास्त हाल कशात होत असतील असं वाटत नाही. गाडीची सीट त्यापुढे लाडावलेलं लेकरू आहे.

हे चामडं तयार व्हायचं बाभळीच्या सालीत, तरवडाच्या सालीत, हिरड्यात. आधी चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढायचे, मांस खरवडायचं, मग सालीच्या पाण्यात मुरवायचं. एक पद्धत अशी, की कातडंच पिशवीसारखं शिवून तिकाटण्याला टांगायचं, त्यात साल आणि पाणी भरायचं, आणि झिरपलेलं पाणी पुन्हा वरून ओतायचं. सालीतला तुरट अंश कातड्याच्या तंतूंना धरून बसतो आणि मग ते कुजत नाही. पण अशा चामड्याला वरून कसलंही आवरण नसतं. ते उघडं असतं. पाणी आत जातं, आणि वाळताना आतली चिकटाई घेऊन जातं. तंतू एकमेकांना चिकटतात, कडक होतात, भेगा पडतात. म्हणून तेल. ते तंतूंच्या मध्ये जाऊन बसायचं आणि त्यांना सरकू द्यायचं.

आता कोणतं तेल? इथे आपल्या परभणीचा अभिमान सांगायला हरकत नाही. करडई! ‘परभणी कुसुम’ नावाचं करडईचं वाण आपल्याच कृषी विद्यापीठाचं. पण खायचं घाण्याचं तेल वेगळं आणि मोटेचं वेगळं. बी मडक्यात भरायचं, ते मडकं जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या मडक्यावर उपडं ठेवायचं, आणि वर गोवऱ्यांचा जाळ करायचा. आयुर्वेदात याला पाताळयंत्र म्हणतात. बी करपतं, आणि खालच्या मडक्यात काळं, चिकट, उग्र वासाचं तेल ठिबकतं. खायला निरुपयोगी, दिव्याला निरुपयोगी. पण विहिरीचा दोर आणि मोटेचं चामडं पाण्यापासून राखायला उत्तम. इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात देशातल्या उपयोगी वनस्पतींच्या मोठमोठ्या नोंदी केल्या, त्यांतही या काळ्या तेलाचा हा उपयोग आला आहे. करडईचं तेल मुळात हवेत सुकत जाणारं. तापवलं की आणखी दाट होतं. म्हणजे ते नुसतं वंगण नव्हतं, एक प्रकारचं रोगण होतं. आत तेल आणि वर लेप, दोन्ही एकातच. हा शोध कुणी लावला? त्याचं नाव कुठल्याही ग्रंथात नाही.

नाव नाही, पण जात ठाऊक होती. आता दुसऱ्या इतिहासाकडे येतो.

कातडं कमावणं ढोरांकडे, जोडे आणि मोट शिवणं चांभारांकडे, नाडा-सोंदूर वळणं मांगांकडे. गावोगाव थोडाफार फरक. खळ्यावर धान्य मिळायचं, ते बलुतं. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ 1915 चा, त्यात ही सगळी व्यवस्था वाचायला मिळते. आम्हाला आठवतं ते 1958-60 च्या आसपासचं. मोट फाटली की दुरुस्तीला माणूस यायचा. तो विहिरीपासून लांब, बाभळीखाली बसायचा. आरी, रापी, वाद्या घेऊन. मोट शिवायचा, तेल चोळायचा. दुपारी तहान लागली की हाक मारायचा, आणि आमच्यापैकी कुणीतरी वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचं. संध्याकाळी तीच मोट, त्याच्याच हाताची, विहिरीत उतरायची, आणि त्याच थारोळ्यातलं पाणी आम्ही वाकून प्यायचो. संविधान लागू होऊन आठ-दहा वर्षं झाली होती. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा 1955 चा. आम्ही लहान होतो हे खरं. पण लहान मुलालाही ओंजळ आणि तांब्या यातला फरक कळतो. आम्हाला तो कळत होता आणि चुकीचा वाटत नव्हता. हे सांगायला आज बरं वाटत नाही.

पुढे तत्त्वज्ञान शिकवायला लागलो तेव्हा मनुस्मृतीचा पाचवा अध्याय मुद्दाम पुन्हा वाचला. त्यात द्रव्यशुद्धीचं प्रकरण आहे. कोणतं भांडं राखेने, कोणतं आंबटाने, कोणतं नुसत्या पाण्याने, असा सगळा हिशेब. आणि चामडं? ते कापडासारखं शुद्ध करावं. बस्स, इतकंच. कापड धुता तसं धुवा, झालं शुद्ध. त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चामड्याचं काम करणाऱ्याला संकरजातीत टाकलंय, आणि तिथे धुण्याची काही सोय नाही. वस्तूचा मळ पाण्याने जातो आणि ती वस्तू घडवणाऱ्याचा जात नाही! तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशी मांडणी केली असती तर आम्ही त्याला शून्य गुण दिले असते. इथे ती शेकडो वर्षं चालली.

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. पुढे गावोगाव मेलेली ढोरं ओढायचंही लोकांनी नाकारलं. गावाने त्यांचा छळ केला, बलुतं बंद केलं, तरी नाकारलं. नंतर विजेचे पंप आले. मधल्या काळात पत्र्याची मोट होती, तिला फक्त सोंड चामड्याची. मग तीही गेली. मोटेबरोबर ते काळं तेलही गेलं. कधी कधी ‘पारंपरिक ज्ञान लोपलं’ म्हणून हळहळणारे लेख येतात. आम्हाला ती हळहळ अर्धीच पटते. ज्ञान मोठं होतं यात वाद नाही. पण ज्यांच्याकडे ते होतं त्यांना ते टाकून द्यावंसं वाटलं, आणि तसं वाटण्याचं कारण ते ज्ञान नव्हतं, आम्ही होतो.

आता सीट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावायची रीत निघाली. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्झचं पेटंट 1884 चं. महिन्यांचं काम दिवसांवर आलं, आणि हे चामडं उकळत्या पाण्यातही आकसत नाही. हिंदुस्थानात ही रीत मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन या अधिकाऱ्याने 1903 च्या सुमारास आणली. तीही कशासाठी, तर इतर वस्तूंबरोबर विहिरीच्या मोटांसाठी! तिकडे तिला कवलै म्हणतात. गाडीच्या सीटच्या चामड्याचं आणि मोटेचं नातं असं जवळचं आहे, आमची कोटी उगाच नाही.

सुरुवातीच्या बंद मोटारींत चामड्याची सीट ड्रायव्हरची असायची, कारण तो ऊन-पावसात बसायचा. मागे मालक मऊ लोकरी कापडावर. चामडं हे नोकराचं आसन होतं. पुढे पारडं फिरलं, आणि आज तेच चामडं महागड्या गाडीची खूण झालं आहे.

या सीटच्या चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकसारखा पातळ थर असतो. काळ्या तेलाचं लेपाचं काम आता तो थर करतो. म्हणजे आपण सीट पुसतो तेव्हा चामडं पुसतच नाही, रंग पुसतो. आमचं खोबरेल तेल आत जाणार कुठून? ते वर राहिलं आणि धुळीची वाट बघत बसलं. आडजागी पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तसाच राहिला तर वर थर आहे. मुरला तर चामडं उघडं आहे, तिथे ओलं फडकंही जपून. शिवाय बऱ्याच गाड्यांत चामडं म्हणून जे मिळतं ते रेक्झीनचं भावंडं असतं, त्याला तर तेलाची भूकच नाही.

मग करायचं काय? धूळ आधी कोरडी काढा, विशेषतः शिवणीतली, मऊ ब्रशने. आपल्या भागातली बारीक वाळू म्हणजे पॉलिश पेपर. ती न काढता फडकं फिरवलं की वरचा थर घासला जातो. मग सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा आणि हलक्या हाताने पुसा. भांड्यांची पावडर, कपड्यांचा सोडा नको; चामडं स्वभावाने आम्लधर्मी आहे, त्याला क्षार सोसत नाही. पुन्हा साध्या ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. वाळवायचं सावलीत. भोकं असलेल्या सीटवर पाणी ओतू नका. सीटसाठी म्हणून मिळणारा लेप लावायचा तर आधी कोपऱ्यात लावून बघा, आणि तोही बोटभरच. जिथे डोकं टेकतं आणि हात घासतो तिथे जास्त लक्ष, कारण घाम आणि डोक्याचं तेल वरच्या थराला मऊ करून सोडतं. नव्या जीन्सचा निळा रंग लागला तर लगेच पुसा, मुरू देऊ नका. आणि परभणीच्या उन्हाळ्यात गाडी लिंबाखाली लावा, काचेला पडदा टाका. याइतकं स्वस्त औषध दुसरं नाही.

आमच्या पुतण्याच्या सीट परभणीला एका धुलाई केंद्रावरच्या मुलाने साफ केल्या. अर्धा तास सौम्य साबणाने, दोनदा. काम चालू असताना त्याने मालकाच्या माठातलं पाणी मालकाच्याच पेल्याने प्यायलं. आम्ही ते बघत राहिलो, आणि तो म्हणाला, ‘काका, तुम्हाला पण हवंय का?’ मग आम्हीही त्याच पेल्याने प्यायलो. सीट बऱ्या झाल्या. शिवणीतला दोरा मात्र अजून काळाच आहे.